केरबा पाणाड्या आणि माझी मोटारसायकल

माझी आणि केरबाची दोस्ती चाळीस वर्षं कशी टिकली, याचं गावाला नवल वाटतं. मलाही वाटतं. मी गावच्या हायस्कुलात पस्तीस वर्षं भूगोल शिकवला आणि केरबा तळहातावर नारळ ठेवून जमिनीतलं पाणी सांगायचा. मी फळ्यावर खडकांचे थर आणि झिरपणारं पाणी काढून दाखवायचो, आणि त्याच मुलांचे बाप दुसऱ्या दिवशी केरबाला जीपमध्ये घालून आपल्या रानात न्यायचे. मला भयंकर राग यायचा. त्याहून जास्त राग याचा यायचा, की केरबा दाखवील तिथं दहातल्या आठ वेळा पाणी लागायचं.

आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडे. इथं पाणाड्याला जो मान आहे तो आमदारालाही नाही, कारण आमदार आला नाही तरी चालतं. केरबा कधी पैसे घ्यायचा नाही. पाणी लागलं की रानाचा मालक त्याला टॉवेल-टोपी करायचा, तेवढंच. घरात टोप्यांचा एवढा ढीग साठला, की त्याची बायको माया लग्नसराईत त्याच टोप्या पाहुण्यांना घालायची आणि तरी ढीग हलायचा नाही.

ही विद्या त्याला बापाकडून मिळाली. बाप धुळा, जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस. त्यानं मुलाला नारळ धरायला शिकवलं आणि सोबत चार नियम दिले. ज्या रानात पाणी बघायचं त्या गावात आदल्या दिवशीच मुक्कामाला जायचं. सकाळी उजाडताना अनवाणी निघायचं. ओढ्याच्या वरच्या टोकापासून खाली चालत यायचं. आणि पाणी दाखवून होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही की पोटात काही टाकायचं नाही. असं का, म्हणून विचारलं तर धुळा "आसंच आस्तं" म्हणायचा आणि तंबाखू मळायला घ्यायचा.

मी केरबाला छळायचो. "का रे, उपाशी पोटी नारळ हलका लागतो का?"

तो शांतपणे म्हणायचा, "गुर्जी, तुमी इज्ञानाचं बोलता ते खरं हाय. पर तुमच्या शाळंची बोअर म्याच दावलीया."

हे खरं होतं. त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढली होती.

दोन हजार तेरा साली मार्चात हे सगळं मोडलं. तेव्हा पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता, जनावरं छावणीत आणि माणसं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. केरबाची धाकटी बहीण विजयमाला, घरात सगळ्यांची माला, आटपाडीच्या बाजूला दिलेली. माळावर एकटी वस्ती, नवरा लालासाहेब, आणि चौथीत शिकणारी एक मुलगी, अबोली. लालासाहेबानं खरसुंडीच्या बाजारासाठी जिवापाड सांभाळलेला खिल्लार खोंड विकला आणि बोअरची मशीन ठरवली. मालाचा फोन आला. "दादा, रविवारी मशीन येतीया. तू येऊन जागा दाव."

केरबा शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीनं निघणार होता. पिशवीही भरली होती. मध्ये मी तडमडलो. नवी मोटारसायकल घेऊन मला आठ दिवस झाले होते आणि ती कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला चैन नव्हतं. मी म्हटलं, "सख्ख्या बहिणीच्या घरी जायला कसले नियम पाळतोस? उद्या शनिवार, सकाळची शाळा. शाळा सुटली की तासाभरात पोचवतो तुला." केरबानं जरा डोकं खाजवलं. पण त्याच्याही मनात भाचीला कधी बघतोय असं झालेलं. शनिवारी तो माझ्या मागं बसला.

आम्ही डांबरी रस्त्यानं सुसाट गेलो. एक वाजता पोचलो. मालानं टँकरच्या पाण्यात पुरणपोळीचा घाट घातला होता. नको म्हणणं पाप झालं असतं. केरबा तीन पोळ्या जेवला, मी चार. मग जरा पडलो. तीनला उठून रानाकडं निघालो तर जमीन अशी तापलेली, की केरबानं पायांत वहाणा घातल्या. माला त्याच्या मागोमाग चालत होती. ती म्हणाली, "दादा, घराजवळ निघालं तर लय बरं हुईल रं. पोरीला रोज लांब जावं लागतंय." अबोली तिथंच उभी होती, कमरेवर रिकामी कळशी घेऊन, मामाकडं बघत.

केरबानं नारळ तळहातावर आडवा ठेवला. घरामागं दहा-वीस पावलं गेला असेल नसेल, नारळ उभा राहिला, म्हणजे खाली पाणी. मालानं टाळीच वाजवली.

दुसऱ्या दिवशी मशीन चालली ती साडेचारशे फुटांपर्यंत. वर आला तो नुसता पांढरा फुफाटा. मालाच्या केसांवर, अबोलीच्या पापण्यांवर, माझ्या नव्या गाडीवर, सगळीकडं तो बसला. पाण्याचा थेंब नाही. मशीनवाल्यांनी पाइपा आवरल्या. लालासाहेब एक शब्दही बोलला नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर केरबा वाचला असता, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

गावानं याचा निकाल चटकन लावून टाकला. रक्ताच्या नात्यात पाणाड्याचा गुण लागत नाही, असं आमच्याकडं सगळे मानतात. म्हाताऱ्यांनी केरबाला तेच सांगितलं, की तुझी काही चूक नाही, तू बहिणीच्या रानात हात घालायलाच नको होता. केरबाला ते पटलं नाही. त्याला वाटलं, आपल्याला दिलेलं काहीतरी आपल्याकडून काढून घेतलंय. "हात मेला माजा, गुर्जी," एवढंच तो मला म्हणाला. त्यानंतर त्यानं नारळ हातात धरला नाही. लोक जीप घेऊन यायचे, तो परसदारानं निघून जायचा.

मी त्याची समजूत काढायला हवी होती. काढली नाही. आपला भूगोल अखेर जिंकला, असं मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

नारळ सुटला त्याचं एक वेळ चाललं असतं. पण त्याची बहीणही सुटली. त्या दिवाळीत भाऊबीजेला केरबाला ताप आला. पुढच्या दिवाळीत कंबर धरली. तिसऱ्या वर्षी सबब सांगायचीही त्यानं सोडून दिली. माला स्वतः दोनदा माहेरी आली, तर हा भल्या सकाळी मेंढरं घेऊन डोंगराला गेलेला. "कुटल्या तोंडानं तिच्या ताटाम्होरं बसू?" तो म्हणायचा. माया भांडली, मी भांडलो, काही उपयोग झाला नाही. बघता बघता बारा वर्षं गेली. टेंभू योजनेचं पाणी आटपाडी तालुक्यात आलं, पण मालाची वस्ती उंचावर, पाट खालून गेला.

यंदा मार्चात अबोली आमच्या गावात आली ती नोकरीवर. बावीस वर्षांची, खांद्यावर सॅक, डोक्यावर टोपी. सांगलीला कॉलेजात भूशास्त्र शिकून ती एका पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेत लागली होती. गावच्या पिण्याच्या विहिरीसाठी जागा शोधायचं काम तिच्याकडं होतं. ती थेट मामाच्या दारात उभी राहिली.

"मामा, मला शिवार दाखवायला माणूस पाहिजे."

"म्या त्ये सोडलंय, पोरी."

"नारळ नकोच हाय. माझ्याकडं मशीन हाय. तुम्ही नुसतं संगं चाला."

भाचीला परसदारानं चुकवता येईना. दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मीही. निवृत्त झाल्यापासून मला साखर आहे आणि डॉक्टरनं चालायला सांगितलंय. केरबानं वहाणा उंबऱ्याशीच सोडल्या, त्या त्याला लागतच नाहीत. ओढ्याच्या वरच्या टोकाला गेलो आणि खाली उतरू लागलो. अबोली ठरावीक अंतरावर थांबायची, लोखंडी खुंट्या ठोकायची, तारा जोडायची आणि मशीनवरचे आकडे वहीत उतरवायची. त्या आकड्यांवरून खालचा खडक कसा आहे ते तिला कळायचं. पहिल्या दोन ठिकाणी तिनं नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या टप्प्यावर ती तारा सोडवत होती, तोवर केरबा पुढं जाऊन एका उघड्या जागी खाली बसला होता.

तिथं तिनं खुंट्या ठोकल्या. आकडे बघितले. पुन्हा ठोकल्या, पुन्हा बघितले. आकडे पाण्याचेच होते. मग तिनं वर बघितलं.

"मामा, तुम्ही इथं का बसला?"

"दमलो, म्हून."

"वरती दोन ठिकाणी लिंबाची सावली होती. तिथं नाही दमला. इथं तर झुडूपसुद्धा नाही."

केरबानं इकडंतिकडं बघितलं. आपण इथं का बसलो ते तोही शोधत होता. मग हळूहळू बोलू लागला. "वरल्या खडकाला भेगा न्हाईत. हितं बग, ह्यो काळा दगुड आडवा आलाय. ओढा वलांडून त्या अंगाला गेलाय, भित घातल्यावानी. वरनं झिरापलेलं पानी ह्याच्या म्हागं थटतंय. लव्हाळा बग की, मार्चात बी हिरवा हाय. आन जिमीन गार लागतीया पायाला, वर लागत न्हवती." तो एकदम थांबला. "ह्ये मला कुनी सांगितलं?"

"आत्ता तुम्हीच सांगताय, मामा," अबोली म्हणाली.

मी खाली मान घालून उभा होतो. काळ्या खडकाची अशी भिंत पाणी कशी अडवते, हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर काढलं होतं. ती भिंत माझ्याच गावच्या ओढ्यात आहे, हे मला माहीत नव्हतं. मी कधी त्या ओढ्यानं चालतच आलो नव्हतो.

केरबानं लव्हाळ्याचं एक पातं उपटलं. मग त्यानं मला विचारलं, "गुर्जी, मालाकडं आपून कसं गेल्तो?"

"मोटारसायकलवर."

"कुटल्या वाटंनं?"

"डांबरी रस्त्यानं," मी म्हटलं.

नारळाला काही कळत नव्हतं. कळत होतं ते केरबाच्या पायांना आणि डोळ्यांना. धुळाच्या त्या चार नियमांनी त्याला सकाळच्या गारव्यात, अनवाणी, तोंड बंद ठेवून सगळं शिवार वरपासून खालपर्यंत बघायला लावलं होतं, आणि बघून झाल्यावर मन जिथं थांबायचं तिथं हात नारळ उभा करायचा. मालाच्या रानात त्यानं काहीच बघितलं नव्हतं. भरल्या पोटी, वहाणा घालून, बहिणीचं बोलणं ऐकत तो दहा-वीस पावलं चालला होता. तिथं त्याच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट होती, कळशी घेतलेली भाची. हातानं तिच्यासाठी नारळ उभा केला.

आणि त्याला त्या रानात तसं नेलं मी.

केरबालाही ते कळलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला शिवी दिली. "तुमी बसिवलं मला गाडीवर!" मीही गुरगुरलो, "तू बसलास!" भाचीसमोर दोन म्हातारे कोंबड्यांसारखे भांडलो. दोन दिवस आम्ही एकमेकांच्या दारावरून मान वळवून गेलो. त्या दोन दिवसांत मी नीट जेवलो नाही. बारा वर्षं एका माणसानं बहिणीचं तोंड बघितलं नाही, आणि मी त्याला कधी हात धरून एवढंही म्हटलं नाही, की चूक माझ्या घाईची असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी केरबा पिशवी घेऊन दारात. "चला, आटपाडीची यस्टी धरायची हाय. उद्या सकाळी तिचं रान चालायचं, तर आजच जाया पायजे."

"मीपण?"

"तुमी तर पयले. आन चपला हितंच ठिवा."

चपला मी एसटीपुरत्या घातल्याच. दिवस मावळायच्या आधी वस्तीवर पोचलो. माला अंगणात शेळीला पाला टाकत होती. तिनं आम्हाला लांबूनच ओळखलं, तरी हातातला पाला टाकून संपवला. मग सरळ उभी राहून म्हणाली, "पाय धुवा आदी." एवढंच. आत जाऊन तिनं चहा ठेवला, तो दोनदा उतू गेला. लालासाहेब बाजेवर बसला होता. तो म्हणाला, "पाव्हनं, बारा वर्सांत म्हसवड-आटपाडी लय लांब झालं म्हनायचं." केरबा जमिनीकडं बघून "व्हय, दाजी" म्हणाला.

सकाळी आम्ही ओढ्याच्या टोकापासून निघालो. केरबा पुढं, मी मागं अनवाणी, दर दहा पावलांना काटा आणि दर काट्याला एक शिवी, तीही मनातल्या मनात, कारण बोलायचं नव्हतं. उन्हं वर येईपर्यंत आम्ही रानाच्या पार खालच्या कोपऱ्यात आलो. घर तिथून लांब दिसत होतं. तिथं काळा दगड जमिनीतून हातभर वर आलेला आणि त्याच्या वरच्या बाजूला करंजाचं एकच झाड, पण हिरवंगार. केरबा तिथं बसला. जमिनीवर तळहात ठेवला. "हितं," तो म्हणाला. इतकं उघडं होतं ते, की बारा वर्षांपूर्वी आम्ही पायी आलो असतो तर मलासुद्धा दिसलं असतं.

रविवारी अबोलीनं येऊन खुंट्या ठोकल्या आणि मामानं तळहात ठेवला होता त्याच जागी चुन्याची फुली मारली. पुढच्या आठवड्यात मशीन आली. त्या दिवशी केरबा मशीनजवळ थांबलाच नाही. घरामागं, जुन्या कोरड्या बोअरपाशी जाऊन बसला. मी त्याच्याजवळ होतो. एकशे ऐंशी फुटांवर आवाज बदलला, मग लालासाहेबाची आरोळी ऐकू आली. दीड इंच पाणी होतं. फार नाही, पण त्या माळाला पुष्कळ.

माला पळत आली, ओलीचिंब, पायाला चिखल. केरबा उठला आणि एकदम बोलू लागला, हात जोडून, बारा वर्षं साठलेलं सगळं. "माले, म्या तुजं रान बगितलंच न्हवतं. म्या नुसतं..."

तिनं त्याला पुढं बोलू दिलं नाही. खाली वाकून बोअरवरचा दगड बाजूला सारला. "हिकडं बग. हितं ही पोरगी रोज शाळंतनं आली की खडा टाकायची आन कान लावून बसायची. कितीदा आपटला, कवा थांबला, समदं वहीत लिवायची. मला म्हनायची, आये, मामाला कळलं न्हाई आसं काय हाय खाली, त्ये मला बगायचंय. बारावी झाल्यावं ह्यांनी इचारलं, कशाचं शिक्षान घेनार? म्हनली, दगडाचं. ह्ये आठ दिस हसत हुते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पानी लागलं आसतं तर आमी पानीच बगितलं आसतं, दादा. भोकात कुनी डोकावलं नसतं."

केरबानं मान वळवून अबोलीकडं बघितलं. ती मशीनवाल्यांना पाइपांचं काहीतरी सांगत होती, आणि ते मिशाळ गडी निमूट ऐकत होते.

"मग तू माज्यावं रागावली न्हाईस?" त्यानं विचारलं.

"रागावले की! बोअरचं न्हाई. बारा दिवाळ्या म्या ताट करून दारात बसले, त्याचं लय रागावले." आता मात्र तिचा आवाज फुटला. "खोंड परत घेता येतो. रान परत बगता येतं. तू येत न्हवतास त्याला म्या काय करायचं हुतं?"

याचं उत्तर तिनंच शोधलं.

त्याला दंडाला धरून घरात नेलं, पाटावर बसवलं आणि दिवा लावला. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं. लालासाहेब म्हणाला, "आगं, आज कशाची भाऊबीज?" तिनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. कुंकू लावलं आणि ओवाळलं. ताट खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा कुंकू, पुन्हा ओवाळलं. तिसऱ्या वेळी आम्हाला कळलं, ती एकेका वर्षाचं ओवाळत होती. पाचव्या वेळी अबोली हसायला लागली. आठव्या वेळी कुणीच हसत नव्हतं. केरबाचं कपाळ कुंकवानं भरलं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो "बास की गं, माले" म्हणत होता. ती त्याच्याकडं न बघता मोजत होती.